टेंभरं खाल्लीत कधी?

"मे महिन्यात? चंद्रपूरला?" बॉसने माझा रजेचा अर्ज दोनदा वाचला. लोक मेमध्ये मनालीला जातात, गेला बाजार महाबळेश्वरला. आणि ही बया भट्टीत चाललीय, तीही स्वखर्चाने! पण अर्ज मंजूर झाला. बहुधा दया आली असावी.

पुण्यात पाच वर्षं झाली मला. 'मूळची कुठली?' या प्रश्नाला 'चंद्रपूर' म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर तीनपैकी एक गोष्ट उमटते : वाघ, नक्षलवादी किंवा थर्मामीटर. आधी मी फार चिडायचे. मग 'नागपूरजवळ' असं सांगून वेळ मारून न्यायला शिकले. नागपूर आमच्यापासून दीडशे किलोमीटर आहे, पण हिंजवडीहून बघितलं तर जवळच की! या खेपेला मात्र टीममधल्या दोघांनी स्वतःहूनच विषय काढला. ताडोबाची सफारी बुक करू, तुझ्याकडे राहू, खाऊ-पिऊ, मज्जा करू. मी म्हटलं, बघा बुवा, तक्रार चालणार नाही.

दोघांची खरी नावं छापली तर पुढच्या अप्रेझलला माझं काही खरं नाही. म्हणून आपण त्यांना त्यांच्या गावाच्या नावाने हाक मारू. एक कोथरूड. हा मुलगा. बॅगेत तीन प्रकारचं सनस्क्रीन. दुसरी डोंबिवली. लोकलमध्ये वाढल्यामुळे जगात कशालाच न घाबरणारी.

रात्रभर ट्रेन, मग नागपूरहून बस. दुपारी एक वाजता आम्ही चंद्रपूरच्या स्टँडवर उतरलो आणि कोथरूडने पहिलं वाक्य उच्चारलं, "कुणी हेअर ड्रायर चालू ठेवलाय का?" त्या दिवशी पारा शेहेचाळीसवर होता. आमच्याकडे शेहेचाळीस म्हणजे 'आज बरं आहे' या सदरात मोडतं.

चंद्रपूरच्या उन्हाळ्याला एक शिस्त असते, ती पाळली की त्रास होत नाही. अकराच्या आत बाहेरची कामं उरकायची. अकरा ते पाच शहरात कर्फ्यू. खिडकीत कूलर, कूलरला वाळ्याच्या ताट्या, आणि त्या ताट्यांवरून येणारा ओला वास, जो मला पुण्यात एसीखाली बसल्यावर अधूनमधून उगाचच आठवतो. (त्या एसीचंही आमच्याशी नातं आहे बरं का. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. तुमच्या ऑफिसात मे महिन्यात स्वेटर घालून बसणारी जी मुलगी असते ना, तिच्या थंडीत आमच्या कोळशाचा वाटा आहे.) संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या बादल्या ओतायच्या, जमीन चुर्र करते, मग रात्री तिथेच गाद्या टाकायच्या. कोथरूड पहिल्या रात्री डासांना घाबरून आत झोपला. दुसऱ्या रात्री निमूटपणे वर आला.

शेजारच्या काकूंनी जिन्यातच आईला गाठून विचारलं, "हा पोरगा कोण म्हणायचा?" आई म्हणाली, "ऑफिसचा आहे." त्यावर काकूंनी असं काही 'बरं बरं' म्हटलं, की आतापर्यंत अर्ध्या वॉर्डात माझं लग्न ठरलेलं असणार.

आता खाणं. आईने पहिल्याच दिवशी वडाभात केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मिश्र डाळी भरड वाटून त्याचे वडे तळायचे, गरम भातावर कुस्करायचे आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी, तेलासकट. डोंबिवली तीनदा वाढून घेऊन भिंतीला टेकली. स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "अगं, थोडा सांबार घे वरून!" तर कोथरूड वाटी पुढे करून बसला. इडलीबरोबरचं सांबार येणार म्हणून! आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, टमाटर म्हणजे भेदरं आणि बटाटा म्हणजे आलू. मग सांबारवडी झाली, आमरसासोबत सरगुंडे झाले. सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या, वाफवलेल्या कणकेच्या नळ्या. कोथरूडने त्यांना 'देशी पास्ता' म्हटलं. आईला राग आला नाही, पण तिने त्याला दुसऱ्यांदा वाढलंही नाही.

"भात कुठला हो काकू? एकदम मोकळा झालाय," डोंबिवलीने विचारलं.

"एचएमटी."

"अरे, आम्ही पण तोच आणतो!"

आणत असणारच. पुण्या-मुंबईतल्या किती तरी घरांत, डब्यांत हा तांदूळ असतो. पण एचएमटी म्हणजे घड्याळ, ते तांदळाला कसं चिकटलं हे किती जणांना ठाऊक आहे? दादाजी खोब्रागडे नावाचे एक शेतकरी होते. गाव नांदेड, पण ते मराठवाड्यातलं नव्हे, आमच्या नागभीड तालुक्यातलं. जेमतेम दीड एकर शेती. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये 'पटेल-३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. बारीक दाण्याचा, शिजायला छान असा तांदूळ तयार झाला. बाजारात गेला तेव्हा त्याला नाव नव्हतं. तेव्हा चलती होती एचएमटीच्या घड्याळांची, म्हणून व्यापाऱ्याने तेच नाव ठोकून दिलं. तांदूळ देशभर गेला. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. पैसा काही आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीत 'सर्च'च्या दवाखान्यात ते गेले. नाव घड्याळाच्या कंपनीचं, भात आपल्या ताटात.

हे सगळं बाबांनी जेवता जेवता सांगितलं. मी चंद्रपूरची असून मला यातलं निम्मंच माहीत होतं, हे मी कुणाला कळू दिलं नाही.

रविवारी पहाटे बाबांनी तिघांनाही किल्ल्यावर पिटाळलं. गोंडराजांच्या या गावाला अजून परकोट आहे, आणि जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा असे चार दरवाजे. लहानपणी जटपुरा गेट म्हणजे माझ्यासाठी फक्त ट्रॅफिक जॅम होता. परकोटावर तेव्हा इतकी झाडं-झुडपं माजलेली, की भिंत आहे हेच विसरायला व्हायचं. २०१७ पासून इको-प्रोच्या पोरांनी शेकडो दिवस राबून ती साफ केली. आता लोक वर फिरायला जातात. दरवाजावर हत्तीवर स्वार झालेला सिंह कोरलाय, गोंडराजांचं चिन्ह. डोंबिवलीने त्याचा फोटो काढून डीपी केला. मी अठरा वर्षं त्याच्याखालून शाळेत गेले, एकदाही मान वर केली नव्हती.

आणि मग आला सफारीचा दिवस, ज्याच्यासाठी हा सगळा घाट घातला होता.

पहाटे साडेतीनला उठून मोहर्लीला. गेटवर मोबाइल काढून ठेवावे लागतात, आत बंदी आहे. कोथरूडचा चेहरा पोटच्या पोराला होस्टेलला सोडल्यासारखा झाला. जिप्सीत आम्ही तिघं, पुढे ड्रायव्हर आणि गाइड. गाइड बफरमधल्याच एका गावचा मुलगा. वयाने आमच्याएवढाच असेल. उन्हाळ्यात वाघ हमखास दिसतो म्हणतात, कारण पाणी थोड्याच ठिकाणी उरतं आणि पाण्यावर त्याला यावंच लागतं. आम्ही पाणवठ्यावर तासभर थांबलो. सांबर आले (हे शिंगंवाले), मोर आले, एक गवा रस्त्यात उभा राहून आमच्याकडे सरकारी कार्यालयातल्या क्लार्कसारखं बघत राहिला. वाघ नाही. मातीत पंज्याचा ताजा ठसा. "आत्ताच गेलाय," गाइड म्हणाला. हे वाक्य सगळ्या सफाऱ्यांत असतंच.

पण एका वळणावर त्याने गाडी थांबवली. एका झाडाखाली अस्वल. अगदी तल्लीन होऊन जमिनीवरचं काहीतरी खात होतं. पिवळं, लिंबाएवढं. एकामागून एक.

"काय खातंय ते?" कोथरूड कुजबुजला.

"टेंभरं," गाइड म्हणाला. "तेंदूचं फळ. तुम्ही खाल्लं नाही कधी?"

मी गप्प. कारण मी खाल्लं होतं, ढीगभर. शाळेत असताना उन्हाळ्यात एक आजी टोपलीत टेंभरं आणि चारं घेऊन दारावर यायची. पानाच्या द्रोणात मोजून द्यायची. चारं म्हणजे चारोळीची ती काळी-जांभळी बारकी फळं, आंबटगोड, खाऊन झाल्यावर बी फोडलं की आत चारोळी. मग कधीतरी ती आजी यायची बंद झाली आणि मला ते कळलंही नाही. बारावी, इंजिनीअरिंग, पुणं. तेंदू म्हणजे बिडीचं पान एवढंच डोक्यात उरलं.

परतताना कोथरूड हिशेब करत होता. सफारी, जिप्सी, गाइड, माणशी किती पडले, आणि वाघ तर नाहीच. "जिल्ह्यात दोनशेच्या वर वाघ आहेत म्हणे. आपल्याला एक नाही?"

दुसऱ्या दिवशी आम्ही आत्याकडे गेलो. आत्याचं गाव मूल आणि सिंदेवाहीच्या मधलं. नाव देत नाही. धानाचा पट्टा, पण मे महिन्यात सगळ्या बांध्या कोरड्या, भेगाळलेल्या, आणि पलीकडे लगेच जंगल सुरू. मधे कुंपण नाही, भिंत नाही, काही नाही. एक बांध ओलांडला की झाडं.

आत्याने दारातच मोहफुलांचे लाडू पुढे केले. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे टपटप पडणारी फुलं वेचून, वाळवून, भाजून, तिळाबरोबर कुटून केलेले. डोंबिवलीने एक तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "ही तीच का, जिची..." होय, तीच, जिची दारू होते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आमच्या जिल्ह्यात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. त्याच २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे राज्य सरकारचे निर्बंधही उठले. पण आत्याच्या लाडवांना कधीच कुणाची परवानगी लागली नव्हती.

आतेभाऊ झाडीपट्टीच्या नाटकांचा भक्त. त्याला पुण्याच्या पाहुण्यांना नाटक दाखवायचं होतं आणि ते शक्य नव्हतं, याचं त्याला अतोनात वाईट वाटत होतं. "तुम्ही चुकीच्या टायमाला आले जी! दिवाळी ते होळी यायचं होतं." धान निघालं, हातात पैसा आला की वडशाच्या कंपन्या गावोगाव निघतात. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटे संपतं, आणि एका रात्रीला हजारो प्रेक्षक. २०२३ मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, हे त्याने आम्हाला दोन दिवसांत चारदा सांगितलं. नाटकाच्या ऐवजी त्याने आम्हाला वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतल्या मार्कंडाला नेलं. उत्तरेकडे वाहणारी नदी, काठावर दगडी देवळं, एकेका भिंतीवर शेकडो मूर्ती. दगड इतका तापलेला की अनवाणी पाय ठेवता येईना. आम्ही तिघंही देवळात नाचत नाचत गेलो. देवाला काय वाटलं असेल!

त्या रात्री आत्याच्या अंगणात झोपलो होतो. पहाटे चारला जाग आली. कुजबूज, बांगड्यांचा आवाज, एक बॅटरी. शेजारची काकी आणि आणखी आठ-दहा बायका, दोन पुरुष. डोक्याला फडकं, खांद्याला पिशवी, हातात काठी. तेंदूपत्त्याचा हंगाम ना. एप्रिल-मेमधले मोजके दिवस. पानं कोवळी असतात तोवरच तोडायची, नंतर ती बिडीच्या कामाची राहत नाहीत.

मी उठून बसले. आदल्या दिवशी याच वेळी आम्हीही उठलो होतो. याच जंगलात जायला, याच जनावरासाठी. फक्त आम्हाला ते दिसावं म्हणून आम्ही पैसे भरले होते.

मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी, एकाच ठिकाणी वाघाने मारलं. त्याच महिन्यात जिल्ह्यात आणखीही माणसं गेली. पुण्यात मी ती बातमी मोबाइलवर वाचली होती. अंगठ्याने वर सरकवली होती, हेही खरं.

साडेदहाच्या सुमारास त्या परतल्या. सगळ्या. आत्या तोवर तीनदा बाहेर डोकावून आली होती, झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होती. काकीने आत्याच्या पडवीत पानांची गाठोडी सोडली आणि सगळं घर हिरव्या, तुरट वासाने भरलं. आता खरं काम. पान पानावर ठेवायचं, सत्तर झाली की सालीच्या दोरीने बांधायचं. हे एक पुडकं. शंभर पुडकी म्हणजे सात हजार पानं, आणि मजुरी शेकड्यावर. दुपारी ती फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर न्यायची. फळीवरचा माणूस मोजून घेतो, मग ती उन्हात रांगेने वाळत घालतात. हजार पुडक्यांचं एक पोतं धरतात.

आम्ही म्हटलं, मदत करतो. तीन इंजिनीअर, एक तास, अकरा पुडकी. कोथरूडने एक्सेल शीट भरावी तशी एकाग्रतेने पानं मोजली. काकीने त्यातली चार सोडून पुन्हा बांधली. फाटकी पानं आत घातली होती आम्ही. तेवढ्या वेळात तिच्या सातवीतल्या मुलीची चाळीस झाली होती.

"काकी, भीती नाही वाटत?" डोंबिवलीने विचारलं. मला वाटलं होतं, तिला कशाचीच भीती नसते.

"वाटते न बाई. काहून नाही वाटनार? सोबतीनं जातो. आवाज करतो. खाली वाकलं की मानूस त्याले जनावर वाटते म्हनतात, तं एक जन उभाच राह्यते." मग पानं जुळवता जुळवताच म्हणाली, "तुमी काल पैशे देऊन पाहाले गेल्ते म्हनते जी? दिसला का?"

"नाही."

"आमाले तं फुकटात दिसते."

सगळ्या हसल्या. काकी सगळ्यांत जास्त. हसू ओसरल्यावर पलीकडची एक म्हातारी सहज म्हणाली, "गेलं कोनी तं सरकार पंचवीस लाख देते." कुणी काही बोललं नाही. दोरी ओढल्याचा आवाज तेवढा.

मी विचारलं, मग जाताच कशाला? विचारल्याबरोबर स्वतःचाच राग आला. हा प्रश्न रजेवर आलेल्या, पगार अकाउंटला जमा होणाऱ्या मुलीचा होता. उन्हाळ्यात धानाचं काम नसतं. जूनमध्ये बी-बियाणं, पोरांच्या वह्या. मधल्या काळात रोख पैसा देणारं हे एकच.

आणि मग काकीने पदराच्या गाठीतून ती काढली. पिवळी, लिंबाएवढी, वर वाळक्या पाकळ्यांची टोपी. "घ्या, खा. पोरीसाठी आनली होती, तिनं खाल्ली बहुत."

कवच कडक असतं, पण दाताने सहज फुटतं. आत पिवळा, चिकट गर. चिकूसारखा, पण चिकूपेक्षा हलका, आणि शेवटी जिभेवर थोडासा तुरटपणा. मध्ये चपट्या, चकचकीत तपकिरी बिया. कोथरूडने दुसरं खाल्लं, तिसरं खाल्लं. "याची चव मला माहितीय," तो म्हणाला आणि बराच वेळ आठवत बसला. मग आठवलं : पुण्यातल्या सुपरमार्केटात थर्माकोलच्या ट्रेमध्ये मिळतं ते पर्सिमॉन! बरोबरच आहे. दोघं एकाच खानदानातले. एकाला विमानाचं तिकीट मिळालं, एवढंच.

"मग हे बाजारात का नाही येत?" त्याने विचारलं.

उत्तर आतेभावाकडे होतं. पान हवं असेल तर फळ मिळत नाही. बिडीला कोवळं, मोठं, लुसलुशीत पान लागतं. ते यावं म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, काही ठिकाणी रानाला आगी लावतात. छाटलेल्या झुडपाला पालवी येते, फळं धरायला लागतं वाढलेलं झाड. म्हणजे आमच्या दारावर यायची ती टोपली कमी कमी का होत गेली, याचं एक कारण हेही असावं.

गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव म्हणून एक छोटं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली २०१२ मध्ये त्यांना जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तेव्हा ग्रामसभेत सगळे बसले आणि त्यांनी ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचा नाही. छाटणी नको, आगी नकोत. बांबू विकून भागवू. तेंदूपत्त्याचा हातात येणारा पैसा सोडायचा, हे आपल्यासारख्यांनी बोनस सोडण्यासारखं आहे, करून बघा! पुढे तिथली झाडं वाढली, फळं धरू लागली. माणसं खातात, पाखरं खातात, अस्वलंही.

सगळ्यांना हे जमेल असं नाही. आत्याच्या गावात बांबू तेवढा नाही. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा उलट तेंदूपत्ता स्वतःच विकतात, ठेकेदाराशी स्वतः बोलतात आणि नफा गावात वाटतात. हा सगळा रस्ता दाखवला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा)ने. सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. सुमारे १,८०० हेक्टर जंगल, साल २००९. आतेभाऊ हे सांगताना असा रंगला, की मला वाटलं आता गाणं म्हणतो. त्याचं म्हणणं, आमच्या गावाचा दावा अजून कागदावर आहे, पण होईल. काकी म्हणाली, "होईल तवा होईल. उद्या पाचला निघाचं हाय."

निघताना तिने पळसाच्या पानांच्या मोठ्या द्रोणात टेंभरं भरून दिली. डोंबिवलीने पर्समधून नोट काढली, तशी काकीने तिचा हात धरून ती परत आत घातली. मग मुलीसाठी म्हणून दिली तर घेतली. आत्या मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, "लगन कवा करून राह्यली? पोरगा बरा हाय." मी म्हटलं, आत्या, तो नुसता ऑफिसचा आहे. "बरं बरं," आत्या म्हणाली. अगदी काकूंच्याच सुरात.

पुण्याला पोचेपर्यंत अर्धी टेंभरं दबली होती. उरलेली मी सोमवारी ऑफिसच्या पँट्रीत ठेवली. पाचव्या मिनिटाला सगळा फ्लोअर गोळा. एकीने विचारलं, ऑर्गॅनिक आहे का? एकाने विचारलं, ऑनलाइन मिळतं का? कोथरूडने बिया काळजीपूर्वक गोळा करून टिश्यूत बांधल्या. गच्चीवर कुंडीत लावणार म्हणे. जंगलातलं झाड, कुंडीत! लावू देत.

मी त्या आठवड्यापासून एक नवीन सवय लावून घेतली. आमची सकाळची मीटिंग अकराला संपते. तेव्हा आत्याला फोन.

"आल्या का?"

"आल्या."

एवढंच. कधी दहा सेकंद, कधी पंधरा. एके दिवशी आत्या म्हणाली, "अजून नाही आल्या." मी फोन तसाच धरून ठेवला. समोर स्क्रीनवर कसलातरी ग्राफ होता. आत्या फोन घेऊन बाहेर गेली असावी, चपलांचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, मग लांबून बायकांचं बोलणं. "आल्या, आल्या. काकीचं गाठोडं सुटलं होतं वाटेत." मागून कोथरूड विचारत होता, "काय झालं?" मी त्याला फोन दिला. आत्या त्याच्याशी चांगली पाच मिनिटं बोलली. काय बोलली, ते तो सांगत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात फळी बंद झाली. त्या दिवशी मीटिंग लांबली, आणि आत्याचाच फोन आला.